येथे क्लिक करा

प्रकल्पांचा गठ्ठा टेबलावर येऊन पडला की मी शेवटचं पान आधी उघडतो. पहिल्या पानावर विद्यार्थी आपलं नाव सांगतो. शेवटच्या पानावर तो कुठं कुठं जाऊन आला ते कळतं. बहुतेकदा तो कुठंच गेलेला नसतो. 'संदर्भसूची' असा ठळक मथळा, खाली दुहेरी रेघ आणि मग : १) गूगल, २) यूट्यूब, ३) विकिपीडिया, ४) इंटरनेट. या चौथ्या नोंदीबद्दल मला विशेष आदर आहे. पहिल्या तिघांतून काही निसटलं असेल तर ते चौथ्यात आलंच. रानात मागं काही शिल्लक ठेवायचं नाही, हा शेतकऱ्याच्या घरचा संस्कार.

एका प्रकल्पात तर कागदावर 'येथे क्लिक करा' असं छापलेलं होतं. अक्षरं मूळची निळी असणार. काळ्या-पांढऱ्या छपाईत ती करडी झाली होती, खालची रेघ तेवढी इमानानं टिकून होती. मी इकडंतिकडं बघितलं. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मग बोटानं दाबून पाहिलं.

त्या पोराला बोलावून विचारलं, "अरे, इथं क्लिक कसं करायचं?"

"सर, मोबाइलवर व्हायलंय की."

खिशातून मोबाइल काढून त्यानं करूनही दाखवलं. पान उघडलं. त्यावर एका देवळाची माहिती होती आणि तळाशी दोनच शब्द : 'माहिती संकलित'. कुणी संकलित केली, कुठून, कधी, यातलं काही नाही. म्हणजे पोरानं ज्याचा आधार घेतला होता त्यालाही शेवटचं पान नव्हतं.

अंबाजोगाईत आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्स-डीटीपीची दुकानं आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आणून बसवला, त्यामुळं सत्र संपत आलं की या दुकानांत जी दाटी होते ती एरवी नवरात्रात योगेश्वरीच्या देवळातच पाहायला मिळते. यांतल्या एका दुकानदाराला मी मनातल्या मनात विभागप्रमुख मानतो. समास किती सोडायचा, मुखपृष्ठावर मार्गदर्शकाचं नाव कितव्या आकारात हवं, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग कुणाला लागतं आणि स्पायरलवर कुणाचं भागतं, हे त्याला विद्यापीठाच्या परिपत्रकाआधी कळतं. प्रकल्प संपत आला की तो पोरांना न बघताच विचारतो, "सूची नवी करायची का जुनीच लावू?"

जुनी म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमधली एक फाइल. तिच्यात डझनभर पुस्तकं आहेत. मराठीला एक फाइल, समाजशास्त्राला एक. इतिहासाला समाजशास्त्राचीच चालते, असा त्याचा अनुभव आहे. त्या फाइलीतलं एक पुस्तक ग्रंथालयात जाऊन मी मुद्दाम काढून पाहिलं. तारखांच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का फिका पडून गेलाय. दरसाल इतके संशोधक ज्याच्या आधारावर उभे राहतात ते पुस्तक जागचं हललेलंसुद्धा नाही. याहून भक्कम आधार कुठला?

सूचीच्या खालोखाल जुनं असतं ते ऋणनिर्देशाचं पान. ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. गेल्या खेपेला एका अविवाहित मुलीनं, संसाराचा भार एकटीनं उचलून आपल्याला लेखनासाठी मोकळं ठेवल्याबद्दल, आपल्या पत्नीचे आभार मानले होते. मूळ मजकूर कुणा सज्जन प्राध्यापकाच्या प्रबंधातला असणार. त्या माउलीचे आभार निदान अजून मानले जाताहेत, म्हणून मी ते वाक्य खोडलं नाही. समासात नुसती उद्गारचिन्हाची खूण केली.

आणि गंमत अशी, की ऋणनिर्देश चोरीत मोडतच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर माफ. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर थांबायचं, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मोजणीतून ऋणनिर्देश, प्रस्तावना, संदर्भसूची वगळायची. सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्यही धरायचं नाही. नियम चांगला आहे. पण तो पोरांपर्यंत पोचला तो असा, की पंधरावा शब्द बदलायचा. त्यासाठी समानार्थी शब्द पुरवणारी यंत्रंही निघाली आहेत. एका प्रकल्पात '१९७२चा दुष्काळ' होता तो '१९७२चा वाईट काळ' झाला. मराठवाड्यातल्या माणसानं याला खोटं तरी कसं म्हणावं?

जुन्या लोकांना एवढंही करावं लागत नसे. श्रीलिपी, कृतिदेव असल्या फाँटांत टाइप केलेलं मराठी साम्य मोजणाऱ्या यंत्राला रोमन अक्षरांचा गडबडगुंडा म्हणून दिसतं. त्यात कुणाचं काय उचललंय हे त्याच्या बापालाही कळायचं नाही. युनिकोड आलं आणि पुष्कळांची पंचाईत झाली.

चोर कसा धरायचा यावर इतकं डोकं चाललेलं असताना पत्ता कसा लिहायचा, हे मात्र पोरांना कुणी धड सांगितलेलं नसतं. बारावीपर्यंत 'उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा' असं सांगणारा प्रश्न आणि गाइडमधल्या शब्दांत लिहिलेलं उत्तर यांचा संसार सुखानं चाललेला असतो. एम.ए.ला आल्यावर एकाएकी आपण त्यांना म्हणतो, हे कुठून घेतलं ते सांग. पोरं भांबावतात. चांगलं उत्तर आणलं तर आणलं कुठून म्हणून विचारायलेत, हा कुठला न्याय?

वर्गात मी ए.पी.ए. आणि एम.एल.ए. हे संदर्भ लिहिण्याचे प्रकार फळ्यावर लिहून पाहिले. पहिल्याची सातवी आवृत्ती चालू आहे, दुसऱ्याची नववी. कंसात साल आधी की नंतर, तिरपं अक्षर पुस्तकाच्या नावाला की लेखाच्या, असला तो कलगीतुरा. वर्ग डुलक्या घ्यायला लागला. आडनाव आधी लिहायचं एवढंच एकाच्या डोक्यात शिरलं आणि त्यानं शिस्तीत 'मोरे, तु. बो.' असं लिहून आणलं. खाली गाथा. नियमात काडीची चूक नव्हती.

मग एकदा खडू ठेवला आणि विचारलं, "तुमच्या बहिणीसाठी केजहून स्थळ आलंय. काय करता?"

अख्खा वर्ग जागा झाला. पोरगा कुणाचा? आजोळ कुठलं? रान किती, त्यातलं पाण्याखाली किती? नोकरी आहे म्हणतात, ती पर्मनंट का तासिका तत्त्वावर? स्थळ आणलं कुणी, आणि त्याचं त्यांच्याशी काय नातं? बायोडाटा कोण वाचतंय सर, गावात जाऊन पारावर विचारावं लागतं. एकाला विचारून भागत नाही, किराणा दुकानवाल्यालाही विचारायचं, त्याच्याकडं उधारीची वही असते. मागच्या बाकावरचा एरवी तोंड न उघडणारा पोरगा म्हणाला, "आणि सर, माहिती कधीची हाय ते बघावं लागतंय. मागल्या वर्षी धा एकर व्हतं, औंदा इकलं असंल." एका मुलीनं विचारलं, "आणि पोरीला कुणी विचारायचं नाही का?" संदर्भलेखनाच्या कुठल्याही पुस्तकात या प्रश्नाला जागा नाही, पण प्रश्न रास्त होता, म्हणून मी तोही फळ्यावर लिहिला.

बाकी सगळी सूची त्यांनीच तयार करून दिली होती. लिहिणारा कोण, पान कुणाचं, कधी लिहिलं आणि आपण कधी पाहिलं. दुसऱ्या कुणी वेगळीकडून तेच सांगितलंय, की सगळे एकाचंच ऐकून बोलताहेत. ज्या घरात सोयरिकीला तीन गावांत चौकशी होते, त्याच घरातलं पोरगं 'माहिती संकलित' एवढ्यावर प्रकल्प उभा करतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. अक्कल कमी नाही. ती इथंही वापरायची असते, हे त्याला कुणी बोललेलं नाही, इतकंच.

सरकारी मराठीची आपण टिंगल करतो, पण या बाबतीत सरकार आपल्या पुढं आहे. कुठलाही शासन निर्णय घ्या. शेवटी ते ठरलेलं वाक्य असतं : सदर निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. पुढं १८ आकडे. पहिले आठ आकडे नीट पाहिले तर त्यात साल, महिना, दिवस सापडतात. महागाई भत्त्याचा निर्णय निघाला की हेच आकडे स्टाफरूममध्ये एकमेकांना वाचून दाखवले जातात, आणि कुणी नुसतं 'भत्ता वाढला म्हणे' असं म्हणालं तर चार जण एकदम ओरडतात, "जीआर दाखवा!" मूळ कागद बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे प्राध्यापकांना शिकवावं लागत नाही. विषय तेवढा जिव्हाळ्याचा असावा लागतो.

खुद्द आमच्या गावाचा पत्ता हा संदर्भाचा जुना घोळ आहे. मराठीतले आद्य कवी म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर डोंगरात आहे, आणि त्यांचा 'विवेकसिंधु' इथलाच, असं आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. ग्रंथात शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असं साल सांगणारी ओवी आहे. ती मागाहून कुणी घातली असावी, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. अंबानगरीचा उल्लेख आहे, पण ती अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई की वैनगंगेच्या काठचं अंभोरा, यावर पिढ्या भांडल्या. शेजारच्या मध्य प्रदेशातलं खेरळंही आपला हक्क सोडत नाही. हे सगळं मी वर्गात सांगितल्यावर एक पोरगी म्हणाली, "म्हणजे सर, मुकुंदराजांनी पिनकोड टाकायला पाहिजे होता. चार तीन एक पाच एक सात."

संदर्भ नीट का द्यावा हे मला दोन तासिकांत सांगता आलं नव्हतं, ते तिनं सहा आकड्यांत उरकलं.

पिनकोड असूनही हे गाव इंटरनेटवर सहजासहजी हाताला लागत नाही, ही त्यातली आणखी गोम. जोगाईचं आंबे, आंबेजोगाई, अंबाजोगाई अशी नावं फिरत राहिली. निजामाच्या राज्यात ते मोमिनाबाद होतं. पोरं 'अंबाजोगाई' टाकून शोधतात आणि येऊन सांगतात की सर, जुनं काहीच नाही. 'मोमिनाबाद' टाकलं की जुन्या नोंदी बाहेर पडायला लागतात. जिल्ह्याचं गॅझेटिअर १९६९ साली निघालं, त्यावर इंग्रजीत बीडचं नाव 'भीर' असं आहे. 'बीड' शोधणाऱ्याला ते सापडावं कसं? ज्या गावाचा इतिहास लिहायचा त्याला लोक कधी काय म्हणत होते, हे आधी एखाद्या म्हाताऱ्याला विचारावं लागतं. गूगल विचारलं तेवढंच सांगतं. म्हातारा न विचारलेलंही सांगतो, आणि त्यातलंच बरंचसं उपयोगी पडतं.

हे संदर्भाचं खूळ विलायतेतून आलंय, असं आमचे एक सहकारी म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्ञानेश्वर गीतेवर बोलले तेव्हा आपण व्यासांच्या मागून आणि भाष्यकारांना विचारत विचारत चाललो, हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पदरची ओवी घुसडणाऱ्याची शेवटी चांगली संभावना करून ठेवली. चक्रधरांच्या आठवणी जमवायला म्हाइंभट तेराव्या शतकात माणसामाणसापर्यंत गेले. महानुभावांनी त्या आठवणी जपताना एकाचं सांगणं दुसऱ्याशी जुळलं नाही, तर कोण काय सांगतो ते त्याच्या नावानिशी लिहून ठेवलं. आणि सालोमालो? तुकोबांचे अभंग घेऊन शेवटी स्वतःचं नाव लावणारे हे महाशय. यंत्रात घातलं असतं तर साठची रेघ कधीच ओलांडली असती. तुकोबांनी आयोगाकडं तक्रार केली नाही. त्यांच्यावर अभंगच लिहिले. त्यामुळं ज्यांचं स्वतःचं म्हणून काही उरलं नाही ते सालोमालो आज तुकोबांच्याच गाथेत टिकून आहेत. उचलेगिरीला एवढं अमरत्व हल्ली मिळत नाही.

हल्ली उलटंच चालतं. दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवण्यापेक्षा आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवणारे अधिक. सकाळी मोबाइलवर येणारा प्रत्येक हळवा मजकूर पुलंचा नाहीतर वपुंचा असतो. पुलंनी एवढं सगळं लिहिलं असतं तर त्यांना पेटी वाजवायला वेळ मिळाला नसता.

आता तर असे संदर्भ यायला लागलेत की ते पाहून पहिल्यांदा माझेच डोळे भरून आले. आडनाव आधी, साल कंसात, पुस्तकाचं नाव तिरपं, प्रकाशक पुण्याचा, पान क्रमांकसुद्धा. मी हरखून ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालबाईंनी तालिका पाहिली, कॉम्प्युटर पाहिला, दोन ठिकाणी फोन केले आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, हे पुस्तक कुणी लिहिलं तर दोन प्रती घेऊन ठेवते." चॅटजीपीटीनं ते रचलेलं होतं. दुसऱ्या एकानं दिलेला दुवा खरा होता, पण तीन ओळी लांब, आणि मी तो नेटानं शेवटपर्यंत वाचत गेलो तर शेपटीला 'यूटीएम सोर्स इज इक्वल टू चॅटजीपीटी डॉट कॉम' असं चिकटलेलं. मी त्याला म्हटलं, "तुझ्या सगळ्या संदर्भात हा एवढाच प्रामाणिक आहे बघ. कुठून आलो ते सांगून टाकलंय त्यानं."

पान पाहिल्याचा दिनांक लिहा, असा माझा हट्ट असतो. संदर्भलेखनाची नवी पुस्तकं प्रत्येक वेळी तो मागत नाहीत, मी मागतो. मराठी विश्वकोशाचे खंड कपाटात ठेवले तिथंच आहेत, पण ऑनलाइन विश्वकोशाचा पत्ता बदलला आणि जुन्या प्रबंधांतले दुवे उघडेनासे झाले. 'वेबॅक मशीन'वर एखादं पान साठवून ठेवता येतं, हे पोरांना दाखवलं की त्यांना त्यात खरा रस वाटतो. पण ते संदर्भासाठी नव्हे, कुणी आपली जुनी पोस्ट काढून दाखवील का, या काळजीनं.

यंदा एक मुलगी संतकवी दासोपंतांवर प्रकल्प करत होती. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. आयुष्याचा मोठा भाग या गावात गेला. त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे : ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, आणि त्यावर पंचीकरणाचा विषय ओव्यांत लिहिलेला. या मुलीनं पासोडीवर तीन पानं भरली होती. आधार म्हणून चार वेबसाइटी. चारही एकमेकींच्या उताऱ्यावरून उतरलेल्या, अनुस्वार चुकला तोसुद्धा चौघींचा एकाच जागी. एकीनं तर फुटांचे मीटर करून दासोपंतांचं काम तिपटीहून जास्त वाढवलं होतं.

मी म्हटलं, "अगं, ती पासोडी या गावातच आहे. चालत जाशील."

ती बघून आली. दुसऱ्या दिवशी तासिका सुरू व्हायच्या आधी दारात उभी. "सर," ती म्हणाली, "ते कापड हाय!"

तीन पानं तिनं स्वतः 'कापड' असंच लिहिलं होतं.

त्या तीन पानांची नंतर दीड झाली, आणि त्या दीड पानात शाईचा रंग आला, कापडाचा पोत आला, ओळी कुठं गिचमिड आणि कुठं सैल आहेत तेही आलं. चारपैकी तीन वेबसाइटी तिनं आपणहून काढून टाकल्या. चौथी ठेवली, मीटर कसे झाले ते दाखवायला.

दोन दिवसांनी विभागप्रमुखांचा, म्हणजे दुकानदाराचा, फोन आला.

"सर, ह्या पोरीनं सूचीत 'पृष्ठ क्रमांक' रिकामा सोडलाय. आपल्या फाइलीत एकबी रिकामा न्हाई."

"त्याला पानंच नाहीत. कापडाचं माप टाक."

"फुटात का मीटरात?"

"फुटात, बाबा. फुटातच."

"बरं. आणि म्होरं 'पाहिल्याचा दिनांक' टाकलाय तिनं. ते वेबसाइटीला ना, सर? ह्याला चारशे वर्सं झाली. ते काय आता बदलणार हाय का?"

"राहू दे तारीख."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागून प्रिंटरचा आवाज येत होता. मग म्हणाला, "सर, नोंद लई झ्याक दिसायलीय. जुन्या फाइलीत घेऊन ठिवू का? म्होरल्या पोरांना कामाला येईल."

"तारखेसकट?" मी विचारलं.

"तारखेसकट," तो म्हणाला.